शेवटच्या रांगेतल्या धोंडुबाई

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या रंगतालीम नाट्यमंडळाचे दिग्दर्शक आदरणीय गणपतराव सुतार, प्रमुख पाहुण्या आणि आमच्या नाटकाच्या लेखिका प्राचार्या प्रीती कांबळे मॅडम, जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ती सत्कारमूर्ती माउली श्रीमती धोंडुबाई चौगले, मंडळाचे कलाकार, पडद्यामागची मंडळी आणि समोर बसलेल्या कोल्हापूरच्या चोखंदळ रसिकहो, आपणा सर्वांना या जोतीराम पोवारचा सविनय नमस्कार.

अध्यक्षांनी मला बोलायला थोडाच वेळ दिला आहे. त्यांनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, त्यावरूनच त्यांचा माझ्यावर किती विश्वास आहे ते कळलं. हरकत नाही. माझाही कुणावर नसतो. उभी हयात एसटीत तिकीट तपासनीस म्हणून गेली. गाडीत चढलो की सगळ्यांत आधी खिडकीबाहेर बघणाऱ्याला गाठायचो, कारण तिकीट नसलेल्या माणसाला अचानक निसर्गाची फार ओढ लागते. निवृत्त झालो, खाकी उतरवली, पण ती नजर काही उतरली नाही. आमची मंडळी म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी आधी देवाकडं संशयानं बघता. असो.

तर मंडळी, नाट्यमंडळानं नटाचा सत्कार केलेला आपण पाहिला आहे. प्रेक्षकाला निरोप देण्यासाठी हॉल भाड्यानं घेतलेलं कधी ऐकलं आहे का? धोंडुबाईंनी आयुष्यात तोंडाला रंग लावला नाही. लावणाऱ्यांबद्दल त्यांचं मत काय होतं, तेही मला ठाऊक आहे. मग ही शाल आणि हा नारळ कशासाठी? ते सांगायचं तर करोनाच्या दिवसांत जावं लागेल.

तुम्हाला आठवत असेल, बंद पडलेली नाट्यगृहं पुन्हा उघडली तेव्हा निम्म्याच खुर्च्यांची परवानगी होती. एकाआड एक खुर्चीवर ‘येथे बसू नये’ असे कागद चिकटवलेले. नवरा एकीकडं, बायको दुसरीकडं, मधे रिकामी खुर्ची. काही जोडप्यांना ती सोय इतकी आवडली की पुढं नियम उठला तरी त्यांनी मोडली नाही. दोन डोस झाल्याचा दाखला बघून आत सोडायचं. मध्यंतराला वडा नाही, चहा नाही. आणि नाटक ऐन रंगात आलं की कुणीतरी खोकायचं. एवढा एक खोकला आला की अख्खी रांग वळून त्या माणसाकडं अशी बघायची, की बिचारा उठून बाहेर जायचा तो परत यायचाच नाही. समोर हास्य म्हणावं तर मास्कच्या आत. स्टेजवरची पोरं मला विचारायची, काका, लोक हसत होते का? मी म्हणायचो, डोळे बारीक झाले होते, पण झोपेनं की हसण्यानं ते सांगता येत नाही.

दारावरची जबाबदारी मंडळानं माझ्याकडं दिली होती. लांडग्याला कोकराची राखण म्हणा हवं तर. दाखले टेबलावरची मुलं तपासत होती. मी फक्त दारात उभा राहून माणसं बघत होतो. वरून तंबी होती: नियम मोडला तर प्रयोग बंद, मंडळावर कारवाई. तपासणीचं पथक कधीही, कुठल्याही वेशात येईल, असं गावात बोललं जात होतं.

नाटक प्रीती मॅडमनी लिहिलेलं सासू-सुनेचं. आणि सासूचं काम करत होती आमची वर्षाराणी, म्हणजे धोंडुबाईंची सून. वर्षाराणी, तू मान खाली घालू नकोस, पुढं अजून बरंच यायचं आहे.

ही पोर पांढऱ्या केसांचा टोप घालून, पदर कमरेला खोचून आली की प्रेक्षकांतून कुजबुज उठायची. ती दारातल्या चपला मोजायची, कोण आलंय ते आधी कळावं म्हणून. दूध हातात घ्यायच्या आधी हुंगायची. आणि सुनेनं काही सांगितलं की एक भुवई वर करून म्हणायची, ‘व्हय की, मला म्हातारीला काय कळतंय?’ लोक मास्कसकट लोटपोट. पण एक गोष्ट मंडळात सगळ्यांना माहीत होती. हे काम घरी ठाऊक नव्हतं. लग्नातच धोंडुबाईंनी सांगून ठेवलं होतं, ‘तोंडाला रंग लावायचा आसंल तर म्हायेरी जाऊन लाव.’ म्हणून वर्षाराणी शिवणक्लासला जाते असं सांगून तालमीला यायची. तिचा नवरा अतुल, कागलला नोकरीला, त्याला माहीत होतं, पण आईपुढं त्याची वाचा बसते. वर्षाराणीनं आम्हाला हात जोडून सांगितलं होतं, ‘घरात कळलं तर माझं नाटक त्याच दिवशी संपलं.’ ती सोडून गेली असती तर नाटकही बंद पडलं असतं, हे खरं. पण तिचं काय झालं असतं, ते तिच्या तेव्हाच्या बोलण्यावरून मला कळलं होतं.

आता माझा घोळ ऐका. पहिल्या प्रयोगाला एक बाई आली. नाकापर्यंत मास्क, वरून स्कार्फ, मोतीबिंदूचा काळा चष्मा. शेवटच्या रांगेत दाराजवळची खुर्ची धरली. लोक हसले, हिचा खांदाही हलला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हिचे हात मांडीवर. आणि शेवट व्हायच्या आधी उठून गेली. पुढच्या प्रयोगाला पुन्हा हजर, पुन्हा तेच. मी म्हटलं, हे लक्षण ओळखीचं आहे. साध्या कपड्यात गाडीत चढून मागच्या सीटवर गप्प बसणारी माणसं मला कोण नवीन? मीच तसा बसत आलो होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण पोलिसाच्या मनातही काही कमी उजेड नसतो.

मी गणपतरावांना बाजूला घेऊन सांगितलं, ‘पथक आलंय. बाई आहे. शेवटची रांग.’

गणपतराव, तुम्ही हसता आहात, पण तेव्हा तुमच्या कपाळाला घाम फुटला होता. यांनी कलाकारांना सूचना दिली, स्टेजवरही अंतर पाळा. झालं! नाटकातला नवरा आपल्या बायकोची समजूत रंगमंचाच्या दुसऱ्या टोकावरून काढायला लागला. भांडणात सासूनं सुनेच्या हातातलं भांडं हिसकावून घ्यायचं होतं, तर सुनेनं ते जमिनीवर ठेवलं, मागं सरकली, आणि मग सासूनं उचललं. शेजाऱ्याचं काम करणारा बहाद्दर तर मास्क लावूनच प्रवेश करून गेला. प्रीती मॅडमनी विंगेत कपाळाला हात लावला. त्या म्हणाल्या, ‘मी हे लिहिलेलं नाही.’ प्रेक्षकांना वाटलं, नवीन शैली आहे.

आणि ती बाई तशीच बसलेली. टिपण नाही, फोन नाही. मला तेच जास्त खटकलं. मी म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावायचा.

चपला मोजायचा प्रवेश आला, हॉल हसला, आणि ती बाई उठून बाहेर आली. मी मागोमाग. बाहेरच्या जिन्याशी गाठलं आणि अदबीनं विचारलं, ‘पावणं, कुठल्या खात्याकडनं आलाय?’

बाईनं चष्मा काढला, मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हणाली, ‘खातं कसलं? आत ती चपला मोजतीया न्हवं, ती माझी सून हाय. आणि ज्याच्या चपला मोजतीया ते घर माझं हाय.’

मंडळी, मी बऱ्याच विनातिकीट लोकांना पकडलं आहे, पण त्या दिवशी मीच पकडला गेलो. पहिला विचार मनात आला तो वर्षाराणीचा. संपलं या पोरीचं.

मी विचारलं, ‘तुम्हाला कळलं कसं?’ त्या म्हणाल्या, ‘दोन वरसं पोरांच्या शाळा बंद, देवळं बंद, आन हिचा शिवणक्लास तेवढा चालू? आन क्लासला जाती म्हनावं तर एक फाटकी पिशवी शिवून आनली न्हाय. मला वाटलं, काय भानगड हाय का काय. रिक्षा केली, मागनं आलो. बघतो तर ही हिथं. तिकीट काढलं आन आत बसलो.’ मी मनात म्हटलं, ही बाई एसटीत असती तर माझ्या वरच्या हुद्द्यावर गेली असती.

‘मग पहिल्याच दिवशी ओढून का नाही नेलं?’

‘उठलो हुतो की. लई राग आला हुता. माझीच चाल, माझंच बोलनं, आन लोक दात काढाल्यात. पर मग बघितलं, मानसं हसाल्यात. आमच्या गल्लीत दोन वरसं कोन हसलं न्हवतं. निम्म्या घरातनं मानसं गेली. माझ्यावर हसाल्यात तर हसू दे म्हटलं.’

मला वाटलं, आता त्या निघतील. पण त्या थांबल्या आणि त्यांचा आवाज चढला. ‘पर ती खोटं दावाल्या. मी वराडतो, ते बरोबर हाय. दूध हुंगतो, बरोबर हाय. पर भांडान झाल्यावर घरात मटान शिजलं तर नळी कुनाच्या ताटात पडती, हे इचारा तिला. पोरग्याच्या न्हाय, माझ्या न्हाय. तिच्या ताटात. ते का दावत न्हाय? आर्धंच दावायचं आसंल तर नाटक कशाला, गल्लीतल्या बायका हायत की सांगायला.’

मगजानं भरलेल्या त्या एका हाडाची, नळीची, किंमत कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. मी तसाच आत गेलो आणि गणपतरावांना सगळं सांगितलं. वर्षाराणीला मात्र कळू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं, कारण घाबरून तिनं पुढचा प्रयोगच टाकला असता. नाटकात एक छोटा प्रवेश वाढवला: भांडण संपतं, सगळे जेवायला बसतात, सासू कुणाकडं न बघता नळी सुनेच्या ताटात टाकते. बोलणं काही नाही. वर्षाराणीनं विचारलं, ‘हे कुठून आलं?’ मी सांगितलं, ‘पथकाची सूचना आहे.’

पुढच्या प्रयोगाला तो प्रवेश आला तेव्हा हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मी दारातून शेवटच्या रांगेकडं बघत होतो. धोंडुबाई त्या दिवशी शेवटपर्यंत बसल्या.

पुढचं मला वर्षाराणीनंच सांगितलं. रविवारी घरात मटण होतं. सकाळी कशावरून तरी दोघींचं वाजलेलं. जेवायला बसल्यावर हिच्या ताटात नळी पडली. लग्न झाल्यापासून पडत आली होती, पण हिनं त्या दिवशी पहिल्यांदा ती टाकणाऱ्या हाताकडं बघितलं, आणि मग सासूच्या तोंडाकडं. सासू म्हणाली, ‘बघतीस काय? खा लवकर. नाटकाला उशीर हुतोय, मला बी आन तुला बी.’ ही पोर ताटावरच रडायला लागली, आणि धोंडुबाई म्हणाल्या, रडायचं ते तिकडं स्टेजवर रड.

त्यानंतर निर्बंध उठले, कागद निघाले, मास्क गेले आणि धोंडुबाई पहिल्या रांगेत आल्या. आमच्या प्रत्येक नाटकाची पहिली रंगीत तालीम आम्ही त्यांच्यासमोर करतो. त्यांनी नाक मुरडलं की प्रीती मॅडम पान फाडतात. एवढ्यासाठी शाल द्यायची असती तर मी भाषणाला उभाही राहिलो नसतो.

त्या गारगोटीला राहायला निघाल्या आहेत. का निघाल्या? सगळ्यांना त्यांनी सांगितलंय, शहराचा कंटाळा आला, गावाकडची हवा बरी. मला हे पटलं नाही. जी बाई रंकाळ्यावर फिरायला गेली तरी चार भांडणं सोडवून येते, तिला शहराचा कंटाळा? मी चौकशी केली. गारगोटीला त्यांच्या थोरल्या जाऊबाई तानाबाई पडल्या, कंबरेचं हाड मोडलं, आता अंथरुणावर आहेत. घरात बैठक झाली. सगळ्या भावकीनं ठरवलं, वर्षाराणीनं जाऊन राहायचं, सुनेचं कामच आहे ते. वर्षाराणी घरात नव्हती, आमच्या तालमीत होती. स्पर्धा तोंडावर आहे आणि तिची भूमिका मोठी आहे.

मी आमंत्रण द्यायला गेलो तेव्हा धोंडुबाईंना सरळ विचारलं. आधी त्यांनी मला कपभर चहा देऊन उडवून लावायला बघितलं. मी बधलो नाही. मग म्हणाल्या, ‘समदी म्हनत हुती तिला धाडा. मी म्हटलं, मी जातो. सेवा मला बी येती. तिचं काम मला येत न्हाय.’ आणि वर बजावलं, ‘हे तिला सांगायचं न्हाय. तिला कळलं तर ती मला जाऊ दियाची न्हाय.’

धोंडुबाई, डोळे वटारून उपयोग नाही, मी सांगून मोकळा झालोय. वर्षाराणी, बस खाली. तू उठून गारगोटीची गाडी धरलीस तर त्या तुला स्टँडावरून परत पाठवतील, आणि मी त्यांना मदत करीन. तू तालमीला ये. स्पर्धेत जो काही निकाल लागायचा तो लागू दे, पण त्या दिवशी गारगोटीहून पहिल्या गाडीनं धोंडुबाई येणार आहेत, त्यांची जागा मी स्वतः धरून ठेवणार आहे, आणि त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवणार नाही, तिथं मी बसणार आहे.

अध्यक्षमहाराज, घड्याळाकडं बघू नका, संपवतो. हॉलच्या व्यवस्थापकांचे, प्रीती मॅडमचे, मंडळाच्या सर्व सभासदांचे आणि इतका वेळ न खोकता ऐकणाऱ्या आपणा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही वाकडं गेलं असेल, कुणाला लागलं असेल, तर पोटात घालावं. धोंडुबाईंनी मला माफ केलं नाही तरी चालेल. ज्या पोरीपासून त्यांना हे लपवायचं होतं, तिनं ते ऐकलंय, माझं काम झालं. नमस्कार.