दोनशे तेरा नावांची चादर

नाव: कागदोपत्री दुसरं आहे, पण सगळे भिंगरी म्हणतात. वय बावीस. काम: सध्या लॉन्ड्रीचे गठ्ठे सायकलवरून पोचवणे, त्याआधी बरंच काही. पत्ता: मावशीकडे, माळ्यावर.

समक्ष हजर राहून लिहून देते की, हा जबाब कालच द्यायचा होता. टाळला. पोलीस ठाण्याकडेच निघाले होते, पण वाटेत एकजण शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता. त्याचं ‘अँड सन्स’ पुरं होईपर्यंत दुपार गेली.

मावशी लॉन्ड्रीत खुणा घालते. म्हणजे प्रत्येक घराच्या कपड्यांच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने त्या घराची खूण शिवते, भट्टीतून निघाल्यावर कोणाचं काय ते कळावं म्हणून. लग्न झालेल्या बाईची सही नवऱ्याच्या सहीशिवाय चालावी, असा अर्ज बायकांनी कायदा समितीला दिला होता. तिथल्या कारकुनाने तो परत केला, कारण खाली नवऱ्यांच्या सह्या नव्हत्या. मावशी म्हणाली, “कागदाला नवरा लागतो होय? मग कापडावर घालू.”

एका पांढऱ्या चादरीवर दोनशे तेरा जणींनी आपापली नावं शिवली. वाफेत ती दोरीवर टांगलेली असायची आणि नावं हळूहळू हलायची, पाण्याखालून दिसावीत तशी. मी खाली उभी राहून बघत राहायचे. त्यात दोन गठ्ठे उशिरा पोचले, तेही खरं आहे.

परवा सकाळी साडेनऊला चादर घडी करून ठेवलेली होती. आमचा नियम असा, की कोपरा बघायचा आणि त्या घरी द्यायची. कोपऱ्यात लॉन्ड्रीच्या मालकांच्या घरची खूण होती. मी मालकांकडे देऊन आले. चूक माझी. मालकीणबाईंनी गुपचूप सही म्हणून ती खूण घातली होती, आणि त्यांना शिवायला तेवढंच येत होतं, हे मला काय माहीत!

मालक म्हणाले, “खूण माझ्या घरची, म्हणजे चादर माझी.”

मावशी म्हणाली, “अहो, ती खूण तुमच्या बायकोने घातलीय.”

“तेच तर म्हणतोय,” मालक म्हणाले.

मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. बोटाला चिंधी बांधलेली होती.

समिती आज चारपर्यंतच अर्ज घेते. आत्ता तीन वाजून दहा मिनिटं झालीत. चादर परत मिळावी, एवढीच तक्रार. हवालदारसाहेब म्हणतात, तक्रार मालकीणबाईंनी द्यायला हवी आणि त्यावर मालकांची सही हवी.

हे सगळं त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, दुकानाच्या पाटीसकट. मी लिहिलं तसंच आहे. खालची सही माझी. लग्न झालेलं नाही म्हणून चालते.

सहीनंतर लिहिते की, मालकांच्या आई आत्ता ठाण्यात आल्या आहेत. दोन वर्षांत त्यांना कोणी जिना उतरताना पाहिलेलं नाही. खांद्यावर चादर आहे. “कोणाची ते तुम्ही सावकाश ठरवा,” त्या म्हणाल्या. “आधी सुई द्या, माझं नाव राहिलंय.”

हवालदारसाहेब खणात फायली शिवायची सुई शोधताहेत.