मी सांगितलेली किंमत

मृदुलावहिनी, ईरा, आणि इथे जमलेले आपण सगळे,

मला बोलायची सवय नाही. चेरीवूडच्या आमच्या ऑफिसात मीटिंगलासुद्धा मी कॅमेरा बंद ठेवून बसतो. डॉक्टरांबरोबर काम करणाऱ्या सिस्टर टॅलाच्या हॉस्पिटलातून आल्या आहेत. त्यांना माझं मराठी कळणार नाही, त्याबद्दल त्यांची माफी मागतो. पण मला जे सांगायचंय ते मराठीतच सांगता येईल. तेही जमेल की नाही, माहीत नाही.

अविनाश डॉक्टरांना जाऊन आज सतरा दिवस झाले. बुधवारी ड्यूटी करून घरी आले आणि गुरुवारी सकाळी उठले नाहीत. त्यांनी कुणाकुणासाठी काय केलं, ते आत्तापर्यंत बऱ्याच जणांनी सांगितलं. सगळं खरं आहे. मी मात्र एक वेगळी गोष्ट सांगणार आहे.

डॉक्टरांना जुन्या लष्करी पिस्तुलांचा नाद होता, हे तुमच्यातल्या काहींना माहीत आहे. त्यांच्या कपाटात घोडदळाचं एक पिस्तूल आहे, कंपनी सरकारच्या काळातलं. गेल्या आठवड्यात वहिनींनी मला त्याची किंमत विचारली. मी सांगितली. ती किंमत मला आज तुमच्या सगळ्यांसमोर परत घ्यायची आहे.

आमची ओळखच अशा एका पिस्तुलावरून झाली. सहा वर्षं झाली असतील. एका हॉटेलच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. मी आयर्लंडमध्ये नवीन, रविवारी करायला काही नाही, म्हणून शिरलो. एका टेबलावर पिस्तूल होतं आणि त्याच्या नळीवर इंग्रजीत कोरलं होतं, 'पूना'. मी पुण्याचा. मी मोठ्याने "अरे बापरे!" म्हणालो. विकणाऱ्याने बाराशे युरो सांगितले. मी पाकीट काढलं.

तेवढ्यात मागून मराठीत आवाज आला, "अहो, पुण्याचे पैसे देऊ नका. पिस्तुलाचे द्या."

ते डॉक्टर. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि माझ्या हातात दिलं. "नीट बघा. लोखंडाला गंजाचे खड्डे पडलेत ना? अक्षरं त्या खड्ड्यांच्या वरून गेलीत. आतून चकचकीत आहेत. गंज आधी, अक्षरं नंतर. हे पुणं फार तर गेल्या वर्षीचं आहे."

विकणारा हसला. मला म्हणाला, "युवर मॅन बरंच जाणतो." 'युवर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'हा गृहस्थ'. मग तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. डॉक्टर मला चहाला घेऊन गेले. त्या दिवसापासून मी त्यांचा 'इंजिनियर' झालो. माझं नाव त्यांनी फारसं कधी घेतलंच नाही.

त्यानंतर कितीतरी रविवारी आम्ही असे हिंडलो. घेण्यापेक्षा बघणंच जास्त. पिस्तूल हातात आलं की डॉक्टर आधी स्क्रू बघायचे. खाचा झिजलेल्या असल्या की समजायचं, कुणीतरी ते उघडून आत हात घातलाय. मग घोडा मूळचा आहे की बदललेला, नळीवरचा छाप आणि बाकीचे छाप एकाच काळचे आहेत का. घासून लख्ख केलेलं पिस्तूल ते लगेच खाली ठेवायचे. "याची कातडी सोलली आहे," म्हणायचे. जुना काळपटपणा गेला की निम्मी किंमत गेली. आणि किंमत म्हणजे कोण किती मागतो ते नव्हे. तसंच पिस्तूल मागच्या दोन-तीन लिलावांत खरोखर कितीला गेलं, ती किंमत.

हे सगळं कुणीही शिकू शकेल. मीही शिकलो. पण डॉक्टरांचा एक नियम होता, तो मी त्यांच्याखेरीज कुणाकडे पाहिला नाही. घ्यायचं मनात आलं की ते स्वतः किंमत ठरवायचे नाहीत. पिस्तूल माझ्या हातात द्यायचे आणि बाजूला जाऊन उभे राहायचे. "इंजिनियर, तू सांग."

मी एकदा म्हटलं, "डॉक्टर, तुम्हाला माझ्यापेक्षा दसपट कळतं. मग मला कशाला विचारता?"

ते म्हणाले, "मी भूल देणारा माणूस आहे. सर्जनला ऑपरेशन करायचंच असतं. त्यात त्याची चूक नाही. म्हणून पेशंटला झेपेल की नाही, हे त्याला एकट्याला ठरवू द्यायचं नाही. ज्याला हवंय, त्याने मोजायचं नाही."

ज्याला हवंय, त्याने मोजायचं नाही.

आज कपाटात आहे ते पिस्तूल आम्ही टिपररीच्या बाजूला एका आजीबाईंकडे पाहिलं. त्यांच्या घराण्यातलं कुणीतरी हिंदुस्थानात फौजेत होतं. दारू ठासायचा गज नळीला कडीने जोडलेला, घोड्यावरून खाली पडू नये म्हणून. कंपनीचा सिंहाचा छाप अगदी स्पष्ट. कुणी घासलेलं नाही, कुणी उघडलेलं नाही. डॉक्टरांनी आधी मला विचारलं, "तुला हवंय का?" मी म्हटलं, "नाही नाही, तुम्ही घ्या." मला हवं होतं. फार हवं होतं. पण मी असाच आहे. मग त्यांनी ते माझ्या हातात दिलं, मी आकडा सांगितला, आणि त्यांनी आजीबाईंना तेवढेच पैसे दिले. घासाघीस केली नाही.

आता गेल्या आठवड्याचं सांगतो.

वहिनींनी ते पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "भावजी, यातलं मला काही कळत नाही. तुम्ही सांगाल ते." मी ते हातात घेतलं. मुठीवर एक चीर दिसली. चाप जरा ढिला वाटला. नळीच्या तोंडाशी डाग दिसला. एकेक करत मी सगळे दोष मोजले, आणि म्हणालो, "सातशे."

चीर तिथे आहे. डाग आहे. मी खोटं एकही वाक्य बोललो नाही. फक्त सिंहाच्या छापाबद्दल बोललो नाही. गजाबद्दल बोललो नाही. ईराने विचारलं, "काका, इज इट वर्थ मच?" मी तिला सांगितलं, "नॉट अ लॉट."

वहिनी म्हणाल्या, "मग तुम्हीच ठेवा ना सातशेला. त्यांनाही बरं वाटलं असतं."

मी म्हणालो, "बघू."

नाही म्हणालो नाही. "बघू" म्हणालो.

त्या पिस्तुलाची किंमत तेराशे ते पंधराशे युरो आहे, वहिनी. मला ती त्या दिवशीही माहीत होती. गाडीत बसल्यावर कळलं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही.

तुम्ही म्हणाल, हे फोनवर सांगता आलं असतं. मी तीनदा फोन उचलला. पण फोनवर वहिनी म्हणाल्या असत्या, "जाऊ द्या हो भावजी." आणि मीही जाऊ दिलं असतं. मी स्वतःला ओळखतो. म्हणून इथे बोललो. इथे इतक्या जणांनी ऐकलंय, आता मला ते मागे घेता येणार नाही.

वहिनी, मान हलवू नका. जाऊ द्या म्हणू नका. पिस्तूल विकायचं असेल तर दुसऱ्या जाणकाराला दाखवा. दोघांना दाखवा. मला विचारू नका. ईरा, तू मराठीत बोलत नसलीस तरी तुला सगळं कळतं. ते घरात ठेवायचं असेल तर ठेव. तुझ्या वडिलांनी ते पूर्ण किंमत देऊन घेतलंय. तुला मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं.

डॉक्टर, माणसाने स्वतःवर किती विश्वास ठेवावा, हे तुम्हाला ठाऊक होतं. मला ते तुम्ही गेल्यावर समजलं, आणि तेही तुमच्याच घरात, तुमच्याच टेबलापाशी. माझा तुम्हाला नमस्कार.

आपण सगळे दोन मिनिटं उभं राहू या. कुणी काही बोलू नये, एवढीच विनंती. मला उत्तर नकोय.