विमलअक्का सत्तर, आणि टॅब्लेटचे गुणदोष

सन्माननीय अध्यक्ष वकीलसाहेब बाळकृष्णराव, प्रमुख पाहुण्या निवृत्त मुख्याध्यापिका उत्तराबाई, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या विमलअक्का, व्यासपीठावरील मान्यवर, कोप्पीकर रोडवरचे देणगीदार व्यापारी बंधू, आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या भगिनींनो आणि बांधवांनो, आपणां सर्वांना माझा विनम्र नमस्कार.

इथपर्यंत उत्तराबाईंनी लिहून दिलं होतं. पुढचं माझं आहे. मी चौथीत शाळा सोडली आणि तेव्हापासून भाकरी थापते, तेव्हा भाषण त्याच मापानं मोजा.

आज अक्कांचा सत्तरीचा सत्कार आणि निरोप दोन्ही आहे. उद्या त्या मुलाकडे, योगेशकडे, म्हैसूरला चालल्यात. त्यांच्यावर बोलायला पुष्कळ लोक आहेत. मला अध्यक्षांनी वेगळं काम दिलंय. म्हणाले, "हिराबाई, देणगीदारांनी आपल्या रोट्टी केंद्राला टॅब्लेट दिला. त्याचा उपयोग कसा झाला, ते दोन शब्दांत सांगा." साहेब, दोन शब्दांत सांगण्यासारखं काही राहिलेलं नाही. तुम्हाला ठाऊक असून तुम्ही मला उभं केलंत, तेव्हा आता ऐका.

आधी हा टॅब्लेट आलाच कशाला? इथं हुबळीत, उणकलला, अक्कांच्या घरामागच्या खोलीत आमचं केंद्र आहे. ज्वारीची भाकरी, शेंगांची होळगी म्हणजे दाण्याची गोड पोळी, चटणीची पूड. थापायचं आम्ही, बोलायचं अक्कांनी. फोन आला की, "या री, बसा री, किती पाठवू री, सून बरी आहे ना री," असं त्यांचं चालायचं. कन्नडातली ही 'री' म्हणजे आपलं 'अहो'. गिऱ्हाईक त्या आवाजाला बांधलेलं. मला फोनला हात लावायची बंदी. का? एकदा एका बाईनं विचारलं, भाकरी मऊ असते का? मी म्हटलं, दात आहेत ना तुम्हाला? झालं! तेव्हापासून बंदी.

आता अक्का गेल्यावर गिऱ्हाइकांशी बोलणार कोण? ते तुटलं तर केंद्र बंद, आणि केंद्र बंद झालं तर या हॉलमधल्या निम्म्या बायकांनी काय करायचं? यावर मंडळानं बैठक घेतली, चहा प्यायला आणि तोडगा काढला. टॅब्लेट आणायचा. ऑर्डरी त्याच्यावर येतील, उत्तर त्याच्यावरून जाईल. म्हणजे सरळ सांगायचं तर, लोकांना माझं तोंड ऐकायला लागू नये म्हणून आपण सर्वांनी हा टॅब्लेट दिलात. त्याबद्दल मी आपली आभारी आहे.

आता गुण. मी खोटं बोलणार नाही, गुण आहेत. पडदा मोठा आहे. अक्षर एवढं दिसतं की चष्मा विसरला तरी चालतं. आवाज खणखणीत, शेजारच्या गिरणीच्या घरघरीतसुद्धा ऐकू येतो. एकदा भरला की दिवसभर पुरतो. पिठाच्या डब्याला टेकून गपगुमान उभा राहतो. आमच्यात एवढं गप कोण राहतं?

दोषही आहेत. भरायला इतका वेळ लावतो की तेवढ्यात भिजत घातलेल्या मटकीला मोड यावेत. बोट लावलं की उघडतो म्हणाले, तो आमच्या बोटांना ओळखत नाही. तवा आणि पीठ यांनी आमचे ठसे कधीच खाऊन टाकलेत. हाताला पीठ असलं की हलत नाही, आणि आमच्या हाताला पीठ कधी नसतं हो? अंधाऱ्या खोलीत फोटो काढला तर तव्यावरची भाकरी आणि थापणारी बाई यांतली कुठली कोण ते कळत नाही. आणि एवढं मोठं धूड, पण साधा फोन लागत नाही त्यावरून! त्याला नेट पाहिजे, आणि नेट अर्चनाच्या मोबाईलमधून येतं. अर्चना म्हणजे आमच्याकडे पॅकिंग करते ती, ती बघा मागच्या रांगेत तोंड लपवून बसलीय. अर्चना कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेली की टॅब्लेट ठार बहिरा.

पण खरा गुण आणि खरा दोष एकच. त्याला बोललेलं लिहिता येतं. माइकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, तो लिहितो. उत्तराबाई, मला लहानपणी हा भेटला असता तर शाळेचा प्रश्नच नव्हता! अर्चनानं त्यात दोन भाषा घातल्या, कन्नड आणि मराठी. गिऱ्हाईक बहुतेक कन्नड, म्हणून नेहमी कन्नड लावलेली. मी कन्नड फाडफाड बोलते, पण वाचता येत नाही. तो काय लिहितो ते देवाला ठाऊक, आणि वाचणाऱ्याला.

मागच्या आठवड्यात सगळ्या गिऱ्हाइकांना या कार्यक्रमाचं आमंत्रण पाठवायचं होतं. अर्चना बाजाराच्या घाईत, पायात चप्पल घातलेली. म्हणाली, "मावशी, तुम्हीच बोला, मी पाठवते." मी बोलले. कन्नडातच बोलले. पण आकडे माझ्या तोंडात मराठीच येतात. कन्नडात सत्तरला एप्पत्तु म्हणतात, मला काय ठाऊक नाही? पण तवा तापलेला, अर्चना दारात, आणि मी म्हटलं,

"विमलक्का सत्तर. ऐतवार कार्यक्रम ऐती. सिही ऊटा ऐती. एल्लारू बर्री."

कन्नड मंडळी हसली. मराठी मंडळी, तुमच्यापैकी कालपरवा पुण्या-साताऱ्याहून आलेल्यांसाठी सांगते. मला म्हणायचं होतं, विमलअक्का सत्तर वर्षांच्या झाल्या, रविवारी कार्यक्रम आहे, गोड जेवण आहे, सगळ्यांनी या. पण कन्नडात 'सत्तर' म्हणजे मेल्या. टॅब्लेटनं इमानदारीत कन्नड लिहिलं. विमलअक्का वारल्या. रविवारी कार्यक्रम. गोड जेवण. सगळ्यांनी या.

अर्चनानं न वाचता पाठवलं आणि गेली. नेट गेलं. टॅब्लेट मख्खासारखा डब्याला टेकून उभा.

पहिला फोन आला तो अक्कांनीच घेतला. पलीकडे बाई रडत होती. "विमलक्का होद्रंतल्ला री!" विमलक्का गेल्या म्हणे!

अक्का म्हणाल्या, "कुठं गेली? मी इथंच आहे."

"तुम्ही कोण?"

"मी विमल."

पलीकडे किंचाळी, आणि फोन पडल्याचा आवाज. अक्का माझ्याकडे बघून म्हणतात, "हिरा, या बाईचं काहीतरी बिघडलंय. उद्या जाऊन बघून ये."

दुसऱ्या फोनला कळलं काय घोटाळा झालाय ते. तिसऱ्या फोनवरचा माणूस विचारत होता, जेवण गोड कसं? बायकोनं त्याला समजावलं होतं, मराठी लोकांत असेल एखादी पद्धत, आपण जाऊन जेवून यावं. माणूस समजूतदार. तो आजही आलाय, तिसऱ्या रांगेत आहे, त्याला दोन होळग्या जास्त वाढा.

अर्चना धावत आली. टॅब्लेट घेऊन मेसेज पुसला. पुसला तो फक्त आमच्याकडचा! आमच्या टॅब्लेटवर अक्का जिवंत, बाकी सगळ्या हुबळीत मेलेल्या. मी म्हटलं, दे इकडे, मीच सरळ करते. माइक दाबला आणि कन्नडात ओरडले, "विमलक्का अदार!" म्हणजे आहेत, आहेत! पण गडबडीत अर्चनाच्या बोटानं भाषा बदललेली. टॅब्लेट मराठीवर. त्यानं लिहिलं, विमलअक्का आधार. आणि गेलं.

लगेच एकीचं उत्तर, "आधार कुणाचं? आमचं, का त्यांचं?" एक गृहस्थ तर सगळ्या घरादाराच्या आधार कार्डाच्या झेरॉक्सा घेऊन दारात उभे. अक्कांनीच दार उघडलं. त्या गृहस्थांना पाणी पाजावं लागलं.

इथपर्यंत मीही हसत होते. मग जयतीर्थअण्णांचा फोन आला. तारिहाळला कारखान्याचं कँटीन चालवतात ते. आमच्या सगळ्यांत मोठ्या ऑर्डरचा माणूस. फोन अर्चनानं घेतला. ते म्हणाले, "फार वाईट झालं. देव त्यांना शांती देवो. उद्यापासून रोट्टी नको. सुतकाच्या घरातली रोट्टी कामगार खात नाहीत. सुतक फिटल्यावर बघू." आणि ठेवला. अर्चनाला तोंड उघडायला सवड नाही. दुसऱ्याकडून आणायला सुरुवात केली की 'बघू' म्हणजे काय, ते धंदेवाल्यांना मी सांगायला नको. त्यांच्यामागून देवळाचे, लग्नाचे, एकेक करून सगळे, सुतक, सुतक, सुतक. जिवंत बाईचं सुतक!

योगेश आईला न्यायला आलेला होता. तो काही वाईट मुलगा नाही, पण तो म्हणाला, "आई, एक मेसेज यांना धड पाठवता येत नाही. तू गेल्यावर काय चालवणार? खोली बंद कर, किल्ली घे, चल." अक्का शेंगा सोलत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बहुतेक तसंच करावं लागेल."

भगिनींनो, मला अंगावर ओरडलेलं चालतं. हे 'बहुतेक' मला चाललं नाही. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही जयतीर्थला फोन लावा. तुमचा आवाज ऐकला की सगळं जागेवर येईल."

"आज येईल," अक्का म्हणाल्या. "परवा काय करशील? मी म्हैसूरहून दर वेळी जिवंत असल्याचं सांगत बसू?" आणि फोन माझ्याकडे सरकवला. "तू बोल."

"मला बंदी आहे."

"उठवली."

सगळ्या बायका थापायच्या थांबल्या. लावला फोन. कन्नडात बोलले, इथं मराठीत सांगते.

"जयतीर्थअण्णा, रोट्टी केंद्रातून हिरा बोलते."

"हां, फार वाईट बातमी..."

"कसली वाईट? अक्का माझ्यासमोर शेंगा सोलतायत. सुतकबितक काही नाही. उद्या भाकरी पाठवू का नको एवढं सांगा, तवा तापलाय."

तिकडून हळूच, "खरंच आहेत?"

"देऊ फोन? आयुष्यभराच्या शिव्या एकदम खाल."

"नको, नको. पण त्या जाणार आहेत ना?"

"जाणार. म्हैसूरला. वर नाही."

"मग त्यांच्यामागं रोट्टी तशीच येईल कशावरून?"

"आजवर खाल्लीत ती कोण थापत होतं? अक्का? त्यांना भाकरी थापता येते का, विचारा इथं कुणालाही."

अक्कांनी शेंगेचं टरफल मला फेकून मारलं. बसलं कपाळाला.

जयतीर्थअण्णा म्हणाले, "तुम्ही अशा भांडल्यासारख्या का बोलता हो हिराबाई?"

मी भांडल्यासारखं नाही बोलत, असंच बोलते. तेवढ्यात विमलअक्का कानाशी येऊन दबक्या आवाजात म्हणतात, "री लाव. शेवटी री लाव, आणि मग काय वाट्टेल ते बोल."

मी म्हटलं, "मग पाठवू का नको री?"

तिकडून हसण्याचा आवाज आला. कँटीनमधली पोरं पण हसली असावीत. "कळसरी," म्हणाले. पाठवा. आणि वर म्हणाले, "पण एक करा. इथून पुढं तुम्हीच फोन करा. त्या यंत्रावरून मेसेज नको. उद्या कुणाला मारेल सांगता येत नाही."

मग मी थांबले नाही. देवळाला लावला, लग्नवाल्यांना लावला. सगळ्यांशी तशीच बोलले आणि शेवटी री लावली. दोघांनी ठेवून दिला, हिराला हे झेपायचं नाही म्हणाले. जाऊ देत. बाकीचे आले. संध्याकाळी अक्कांनी खोलीची किल्ली कमरेची काढली आणि माझ्यापुढं पिठाच्या परातीशेजारी ठेवली. योगेशनं एक भाकरी चटणीबरोबर खाल्ली आणि दुसरी मागितली.

तर देणगीदार बंधूंनो, हिशेब असा. माझं तोंड लोकांना ऐकायला लागू नये म्हणून तुम्ही टॅब्लेट दिलात, आणि त्याच्यामुळं आता अख्ख्या हुबळीला माझंच तोंड ऐकावं लागणार आहे. टॅब्लेट आम्ही परत देत नाही. अक्का म्हैसूरहून त्याच्यात दिसणार आहेत, त्यांना रोज तवा बघायचाय. मी त्याला डब्यावर उभा करीन. फार सूचना करायला लागल्या तर भिंतीकडे तोंड करून ठेवीन. तेवढी सोय त्यात आहे, आणि तो त्याचा सगळ्यांत मोठा गुण मी शेवटी सांगते.

अक्का, तुम्ही रडू नका, मला पुढचं सुचत नाही. तुम्ही मला आजवर एक 'री' शिकवली, तीही जायच्या आठवड्यात. आधी शिकवली असती तर तुम्हालाही थोडा आराम मिळाला असता. पण तुम्हाला बोलायची हौस. जा, सुनेशी बोला, नातवंडांशी बोला. म्हैसूरचे लोक गोड बोलतात म्हणे, त्यांना जरा टक्कर द्या.

अध्यक्षांनी बोलू दिलं, देणगीदारांनी हसून घेतलं, अर्चना अजून नोकरी सोडून गेली नाही, या सगळ्यांचे आभार. बोलण्यात कुणाला लागलं असेल तर मनात ठेवून घरी नेऊ नका. सोमवारी सकाळी केंद्रात फोन करा आणि तोंडावर सांगा. फोन मीच उचलणार आहे.

जेवायला चला री.