हिरव्या पेल्यावरची पहिली टिपणी

विषय : राहत्या घरातली मागची खोली मोकळी करून मिळण्याबाबत. संदर्भ : आमचे साडू, आगमनापासून आजतागायत. सोबत : एक पेला, हिरवा, बर्फासह.

आता हे रीतसर झालं, तेव्हा खरं काय ते सांगतो. तुम्ही बसा, मी उभ्यानंच बोलतो, मला बसायला जागा उरलेली नाही. होती एक. मागच्या खोलीत, खिडकीजवळ, आरामखुर्ची. चौतीस वर्षं कारकुनी केली ती त्या खुर्चीकडे बघून... निवृत्त व्हायचं, तिच्यात बसायचं, पुस्तकं वाचायची आणि खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याला मनातल्या मनात नावं ठेवायची. यापेक्षा लहान महत्त्वाकांक्षा असते का हो माणसाची? आणि आज त्या खुर्चीत साडू बसलेत, समोरच्या खुर्चीत आमची ही बसलीय, आणि मी दुपारी चार वाजता ओट्यापाशी उभा राहून चाळणीतून हिरवी पूड चाळतोय. कुणी केलं हे? मीच. पहिली टिपणी मी लिहिली.

तुम्हाला म्हणून सांगतो, कचेरीत जगायचा नियम एकच, बाकीचे नियम पुस्तकात. पहिली टिपणी आपण लिहायची नाही. कोरी फाईल येते, सगळ्या टेबलांवरून हिंडते, आणि जो कुणी तिच्यावर पहिली ओळ लिहितो त्याच्या गळ्यात ती जन्माची पडते. फाईल आली की मी पंख्याकडे बघायचो. शेजारच्या टेबलावर एक उत्साही लुकडा होता. तो लगेच पेनाचं टोपण काढायचा, 'द्या इकडे, मी बघतो'. त्यानं इतकं बघितलं, इतकं बघितलं की चाळिशीत जाड भिंगं लागली आणि पन्नाशीत खुर्चीतच गेला. शोकसभेचा ठराव कोण लिहितंय, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा सगळी कचेरी सवयीनं त्याच्या रिकाम्या टेबलाकडे वळली. मी तेव्हाही पंख्याकडेच बघत होतो. असा मी. मुरलेला. आणि मी फसलो कशाला, तर 'ग्रीन टी लाटे' नावाच्या, बर्फ घातलेल्या हिरव्या चहा-दुधाला.

साडू आले ते चार दिवसांसाठी. मेहुणी लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेली आणि यांना पाणीसुद्धा तापवता येत नाही, म्हणून आले, एक बॅग घेऊन. ते बाळ आता चालतं. त्याला आठ दात आलेत आणि फोनवर आजोबांचा आवाज ऐकला की फोन फेकून देतं, म्हणजे अक्कलही आलीय. साडूंचे चार दिवस अजून चालूच आहेत. माणूस तसा निरुपद्रवी दिसतो, पण हे निवृत्त शाळा-तपासनीस. आयुष्यभर शाळेत शिरायचं, फळ्याकडे बघायचं, मुलांकडे बघायचं, मास्तराकडे बघायचं आणि शेरा लिहायचा. शाळा सुटल्या, शेरे सुटले नाहीत. सकाळी मी दात घासून बाहेर आलो की म्हणणार, 'हेडक्लार्क, आज वेळेवर.' मी हेडक्लार्क कधीच नव्हतो. ते त्यांना ठाऊक आहे. म्हणूनच म्हणतात.

तर यांना डॉक्टरांनी साधा चहा बंद केला. लेकीला कळलं. तिनं काय करावं? बापाला भेटायला यावं? तिनं डबा पाठवला. हिरव्या चहाच्या पुडीचा, आणि सोबत बांबूची घुसळणी, दाढीच्या ब्रशाएवढी. तिच्या गावी कुठल्याशा दुकानात यांनी हा प्रकार थंड दुधात घालून प्यायला होता, आणि तेव्हापासून प्यायचा तर तसाच. पहिले तीन दिवस स्वतः केलं हो बिचाऱ्यांनी. खळखळ उकळत्या पाण्यात दोन चमचे पूड लोटली आणि चमच्यानं ढवळली. वर गुठळ्या तरंगतायत, खाली गाळ बसलाय, ओट्यावर हिरवी धूळ... साचलेल्या डबक्यात कुणी बर्फ टाकावा तसं दिसत होतं. प्यायले. बारीक तोंड करून प्यायले.

मला पंख्याकडे बघायला हवं होतं. मी पेल्याकडे बघितलं.

बघितलं ते बघितलं, वर डब्यामागची कृती वाचली. आणि ती इतकी भिकार लिहिलेली होती! दूध घालून झाल्यावर पूड चाळायला सांगितली होती. पाण्याचा उल्लेख शेवटून दुसऱ्या ओळीत. मसुदा वाईट दिसला की माझा हात शिवशिवतो, हा माझ्यातला एकमेव दोष, चौतीस वर्षं लपवलेला. कागद घेतला, समास आखला, सात कलमं लिहिली. पूड आधी चाळून घ्यावी. पाणी उकळी येण्याच्या आत उतरवावं. पूड घोटभर पाण्यात घुसळावी, ती नागमोडी, गोल नव्हे, फेस येईपर्यंत. पेल्यात प्रथम बर्फ, मग साखरेचा पाक, मग गार दूध. आणि हिरवं सर्वांत शेवटी, चमच्याच्या पाठीवरून, सावकाश, म्हणजे खाली पांढरं आणि वर हिरवं असे दोन थर वेगळे राहतात. वर 'कार्यपद्धती' असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि फ्रिजवर लावून दिलं. सही केली नाही म्हणून काय झालं? अक्षर माझंच होतं.

साडूंनी चष्मा लावून सातही कलमं वाचली. एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. म्हणाले, फारच पद्धतशीर आहे, पण हे ज्यानं लिहिलं त्यालाच जमायचं. आमची ही मागून चालली होती, धुतलेले कपडे घेऊन. ती न थांबता म्हणाली, "खरंच, तुम्हीच करत जा ना." झालं. प्रस्ताव, शिफारस आणि मंजुरी, तिन्ही अर्ध्या मिनिटात. माझ्या कचेरीत याला तीन वर्षं लागली असती.

तेव्हापासून रोज चार वाजता दोन पेले. एक त्यांना, एक हिला. मी पीत नाही. मी एकदा चाखलं, गवत खाल्लेल्या म्हशीनं तोंडाशी येऊन श्वास सोडावा तशी चव. दोन पेले आत न्यायचे, शेरा ऐकायचा, 'रंग समाधानकारक, फेस कमी, प्रगतीस वाव आहे', आणि परत येऊन घुसळणी धुवायची, कारण ती लगेच धुतली नाही तर काड्या चिकटतात. आठवं कलम. तेही मीच वाढवलं. आणि मी इकडे काड्या विंचरतोय तोवर आतून हसण्याचा आवाज. हिच्या हसण्याचा. एवढं काय हसायचं असतं हो? माणूस तपासनीस, त्याचे किस्से ते काय, अमुक शाळेत नकाशा उलटा टांगला होता आणि तमुक शाळेत मास्तर झोपले होते. मला सांगा, मास्तर झोपतात यात नवीन काय आहे?

मग मी ठरवलं, काम बिघडवायचं. नकार द्यायचा नाही, काम इतकं वाईट करायचं की पुन्हा कुणी सांगू नये. पाणी मुद्दाम खळखळवलं, पूड कडूजहर झाली. साडू म्हणाले, 'आज जरा दम आहे.' चाळणी वगळली, गुठळ्या तशाच ठेवल्या. म्हणाले, 'चावायला काहीतरी मिळालं.' डबा दोन दिवस उघडा उन्हात ठेवला, पूड वाळक्या पाल्यासारखी पिवळी पडली. मिटक्या मारून प्यायले आणि विचारलं, ही नवी जात का? शेवटी पाकाऐवजी मिठाचं पाणी घातलं, तर नेमका तो पेला हिच्याकडे गेला. तिनं एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही पेले परत दिले, नवे करून आणा म्हणून. म्हणजे त्या दिवशी चार पेले. पहिली टिपणी आपण लिहायची नाही, तुम्हाला सांगतो. लिहिली, तर काम वाईट करूनही सुटका नाही.

तेव्हा मी लेखी मार्ग धरला. हिला तोंडी काही सांगितलं की 'बघू' म्हणते, म्हणून रीतसर अर्ज केला : मागची खोली मोकळी करून मिळावी, कारण : अर्जदारास शांतपणे बसण्यासाठी. नऊ दिवस तो अर्ज पिठाच्या डब्याखाली होता. मी रोज डबा उचलून बघत होतो.

दहाव्या दिवशी ही दातांच्या डॉक्टरकडे गेली आणि मी हत्यार काढलं. हत्यार माझ्याकडे पहिल्यापासून होतं. मेहुणी परत येणार नव्हती. तिनं हिला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, बाळ मोठं झालं तरी मी इथंच, एकोणचाळीस वर्षं तपासणी झाली, आता पुरे. घरात सगळ्यांना माहीत, यांना सोडून. आणि सांगायचं नाही असं ठरलेलं. मी त्या दिवशी पेला असा केला की काय सांगू... पूड नव्या डब्यातली, ताजी, फेस बारीक, थर पट्टीनं आखल्यासारखे. माणसाला बातमी द्यायची तर हातात काहीतरी चांगलं द्यावं. समोर ठेवला आणि सांगून टाकलं, त्या काही परत यायच्या नाहीत.

साडूंनी पेल्यातला बर्फाचा तुकडा तोंडात घेतला. सावकाश चावून संपवला. मला वाटलं आता रडतील, मी रुमालसुद्धा चाचपला, द्यायचा की नाही ते ठरलं नव्हतं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "गाडीत बसतानाच सांगून गेली ती."

मी म्हटलं, मग इथं कशाला चार दिवस म्हणून येऊन बसलात? आणि तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. शेरा न लिहिता.

"चार दिवस मी म्हणालो होतो. राहा, हे तुमच्या बायकोनं सांगितलं. म्हणाली, भावजी, घरात बोलायला कुणी नाही हो."

"मी आहे की," मी म्हटलं.

"तेच मी म्हणालो. तर हसायला लागली."

आणि मग पेला उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाले, थर आज उत्तम पडलेत.

संध्याकाळी ही आली, एक गाल सुजलेला. रात्रीच्या जेवणाआधी माझा अर्ज मला परत मिळाला. 'शांतपणे' या शब्दाखाली रेघ होती आणि समासात हिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "शांत तुम्ही कुठेही बसता. नामंजूर." सुवाच्य अक्षर आहे हो तिचं. मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत ती मला काही लिहील असं मी काही केलंच नव्हतं.

बोलायला कुणी नाही म्हणे. अहो, पस्तीस वर्षं ती संध्याकाळी काहीतरी सांगायची. शेजारीण अशी म्हणाली, नळ असा गळतो, ताईचं पत्र आलं. मी काय करायचो? खोटं कशाला बोलू तुमच्यापाशी. आमच्या घरी पंखा बरोबर माझ्या खुर्चीच्या वर आहे.

असो. दुसऱ्या दिवशी मी नवा अर्ज केला. मागचा अर्ज मागे घेत असल्याचं नमूद केलं, मग विषय लिहिला : दुपारी चार वाजता मागच्या खोलीत एक स्टूल व तिसरा पेला मंजूर होण्याबाबत. पेला अर्जदार स्वतः करील. स्टूल स्वयंपाकघरातलं चालेल. कारण या रकान्यात बराच वेळ काही सुचलं नाही, मग लिहिलं, ऐकण्यासाठी.

स्वहस्ते दिला. मागच्या खोलीत, चार वाजता, दोन पेल्यांबरोबर त्याच ताटात. साडूंनी फक्त पेला उचलला, मुरलेला माणूस. हिनं कागद घेतला, सगळा वाचला, पेन शेजारीच होतं. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. मान वर केली आणि पंख्याकडे बघत राहिली.

याला आज एकोणीस दिवस झाले. अर्ज प्रलंबित आहे.