चांदणीचा तंग

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी वरातींना भाड्याने देतो त्या माझ्या घोडीचा तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा, एका ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनी शिवलाय.

आमच्या चांदणीची कातडी फार नाजूक. कॅम्प चारच्या बाजारातून नायलॉनचा तंग आणला, तर पुरळ उठलं. रेक्झिनचा आणला, तर सोलपटलं. एका वरातीत ती पोट चावायला अशी वळायला लागली की नवरदेव घाबरून उतरला आणि चालत मांडवात गेला. शेवटी बायको म्हणाली, "कात्रपच्या शकूताईंकडे जा. त्यांचं शिवलेलं कुणाला टोचत नाही."

गेलो. ताईंनी मशीनवरून मान वर न करता विचारलं, "मापाचा आणलाय?"

मी जुना तंग पुढे केला. "घोडीचा आहे, ताई."

"असू दे की. घाम येतो ना तिला? मग सुती अस्तर लावू, शिवण बाहेरून घेऊ. आणि उसवायला दोन इंच माया ठेवते. लग्नसराईत अंग भरतं."

परवा बदलापूरच्या वरातीत चांदणी बँडच्या मागे दोन तास चालली, एकदाही पोटाकडे वळली नाही. लग्न लागल्यावर नवरी घोडीबरोबर फोटो काढायला आली. जरीचा ब्लाउज घातलेला, सारखी काख खाजवत होती.

"काका, हिला नाही काही टोचत?"

"नाही. कात्रपच्या शकूताईंनी शिवलाय हिचा पट्टा."

नवरी आईकडे वळली. "बघ. आणि तू मला बुटीकमध्ये नेलंस."