नराचं झाड मी कापलं

शबनमताई, जावईबापू, भवानी पेठेतली मंडळी, आणि सांगोला-मंगळवेढ्याहून जीप करून आलेले माझे डाळिंबवाले भाऊ. एवढे सगळे आज जमलात. महमूदचाचा असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, "सगळे हितं आलाय, मग रोपांना पाणी कोण घालतंय?" मला माइकवर बोलायची सवय नाही. तरी बोलणार आहे, कारण आज गप्प बसलो तर पुन्हा कधीच तोंड उघडायचा नाही.

मी दत्ता गावडे. लग्न झालं त्या साली डाळिंबाची रोपं न्यायला चाचांच्या नर्सरीत आलो होतो. चाचा खाली बसून कलम बांधत होते. बोटं काय चालायची! मी तिथंच घुटमळलो. म्हटलं, "मला शिकवाल का?" ते म्हणाले, "चाकू-कात्री धरलीयस का कधी?" म्हटलं, "मेंढरं कातरतो की." ते म्हणाले, "मग आधी ते विसर." तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी मी त्यांच्याकडे यायचो. माझी बाग, माझं घर, माझ्या पोरींची शिक्षणं, सगळं त्या कलमावर उभं आहे.

नर्सरीच्या मागं नळाजवळ अंजिराचं एक झाड आहे. तुमच्यातल्या बहुतेकांनी त्याची फळं खाल्लीत. मघाशी एका पाहुण्यांनी त्या गोडीचं नावही काढलं. मंडळी, ते झाड आधी तसं नव्हतं. ते नर होतं.

अंजिरात नराचं झाड वेगळं असतं. त्याला फळं येतात, पण ती कोरडी, भुसकट. माणूस सोडा, खारसुद्धा तोंड लावत नाही. आपलं नेहमीचं अंजीर नराशिवाय पिकतं, म्हणून आपण कुणी नर ठेवत नाही. पण अंजिराची नवी जात काढायची असेल तर नर लागतो. त्या भुसकट फळात पिवळी धूळ असते, परागकण. परदेशात चिलटाएवढी एक माशी ती धूळ एका फळातून दुसऱ्या फळात नेते. आपल्या भागात ती माशी नाही. म्हणून माशीचं काम चाचा करायचे. नराचं फळ चिरायचं, कागदावर झटकायचं, धूळ बारीक नळीत भरायची आणि मादी झाडाच्या कोवळ्या फळाच्या तोंडातून आत फुंकायची. श्वास धरून. शबनमताई, तुम्हाला आठवत असेल, त्या वेळी घरात कुणी शिंकलं तरी ओरडायचे!

कशासाठी हे सगळं? चाचांना एक अंजीर हवं होतं. सोलापूरच्या उन्हात न फुटणारं, झाडावरच सुकणारं, दाताखाली बी कुरकुर वाजणारं. दोनदा रोपं करून झाली होती. काही नर निघाली, काही बेचव. तिसऱ्यांदा त्यांनी मादी झाड नीट पारखून ठेवलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात फुंकायचं, असं त्यांच्या मनात ठरलं होतं. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, माझं लक्ष नसेल.

सहा वर्षांपूर्वीच्या थंडीत चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर ते जुळे सोलापूरला लेकीकडे, शबनमताईंकडे होते आणि नर्सरी माझ्यावर होती. मी रोज ते झाड बघायचो. एवढं दणकट खोड आणि फळ फुकट. नव्या रोपांचा नाद चाचांनी सोडला, असंच मी धरलं होतं. वाटलं, चाचांनी मला एवढं दिलं, मी त्यांना काहीतरी द्यावं. मंडळी, मी ते झाड छाटलं. त्याच्या खुंटावर चांगल्या गोड अंजिराची कलमं बांधली. जीव ओतून बांधली. आयुष्यात तशी कलमं मी परत बांधली नाहीत. सगळीच्या सगळी लागली.

चाचा काळा चष्मा लावून आले. मी त्यांना हाताला धरून मागं नेलं. ते बघत राहिले. मग एकच विचारलं, "छाटलेले फाटे कुठं टाकलेस?"

मी म्हटलं, "शेळ्यांना घातले."

तो नर त्यांच्या ट्रकवाल्या दोस्तानं लांब उत्तरेकडून ओल्या पोत्यात गुंडाळून आणला होता. दोस्त कधीच गेला. दुसरा नर कुठंच नव्हता. त्याचे दोन फाटे चाचांनी आधी एकदा मलाही लावायला दिले होते, मी ते बांधावर वाळू दिले. फळ न देणाऱ्या झाडाला ड्रिपचं पाणी कोण देईल?

चाचांनी कलमावरून बोट फिरवलं. म्हणाले, "बांधलंस मात्र झकास." आणि लोकांनी विचारलं की सांगायचे, मीच बदलून घेतलं ते झाड. सहा वर्षं तेच सांगितलं. आज तुम्हाला खरं कळतंय.

पावसाळ्यात खोडाच्या बुडातून फुटवे आले. कलमाखालचा फुटवा आपण काढतोच, हाताची सवय आहे. मी खुडायला वाकलो आणि चाचांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. तोच हाय तो." मुळातून नर परत आला होता. त्याला फळ धरायला तीन वर्षं गेली. मग फुंकलं, बी धरलं, रोपं झाली. आज ती माझ्या खांद्याला लागतात. फळ यायला अजून दोन-तीन वर्षं तरी हवीत. माझ्या वयाला दोन-तीन वर्षं म्हणजे काय? चाचांकडे तेवढीच नव्हती.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. न राहवून म्हटलं, "चाचा, मी ते झाड कापलं नसतं तर औंदा तुमी ते फळ खाल्लं असतं."

मला वाटलं, जाऊ दे म्हणतील. तोंडावरून हात फिरवतील. चाचांनी खिडकीकडं बघितलं. म्हणाले, "व्हय. खाल्लं असतं." मग म्हणाले, "लई खायचं होतं रे, दत्ता."

बस्स. एवढंच.

मघापासून दोघा-तिघांनी इथं सांगितलं की चाचा समाधानानं गेले. तुमचं प्रेम आहे म्हणून तसं म्हणता. पण पाया पडतो, तसं म्हणू नका. चाचांना ते फळ हवं होतं. शेवटच्या दिवसापर्यंत हवं होतं. मला त्यांची आठवण येते ती अशीच येते, काहीतरी हवं असलेल्या माणसाची. हे हवंपण पुसून टाकलं तर मग मी कुणाची वाट बघू?

आता आपण दोन मिनिटं उभे राहू या. ज्यांना दुवा मागायची त्यांनी मागावी, ज्यांना हात जोडायचे त्यांनी जोडावेत. मी नुसता ऐकत उभा राहणार आहे. त्यांनी मला एकदाही शिवी दिली नाही, आणि ती ऐकायला माझा जीव तुटतोय.

चाचा, सलाम.

उठा मंडळी.