घासून लख्ख

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीचा गाल टम्म सुजला होता, पण तोंड काही थांबत नव्हतं.

"घासून काढला गं ताई! तारेच्या घासणीनं!"

"अगं, काय?"

"माझा इलेक्ट्रोड! सांडपाण्यातले जिवाणू त्याच्यावर वस्ती करतात, तेव्हा वीज मिळते. कार्बनच्या गुळगुळीत कांडीवर ते टिकेनात, म्हणून मी कापड भाजून, त्याचा कोळसा करून खरखरीत इलेक्ट्रोड बनवला. कित्येक आठवडे जपला, तेव्हा कुठे त्याच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरला."

"मग घासला कुणी?"

"आमच्या सरांनी. पाहुणे येणार होते ना, त्यांना ती घाण वाटली!"

"प्रयोगशाळेचे प्रमुख ना गं ते?"

"तेच तर! तळपायाची आग मस्तकात गेली माझी."

"म्हणजे पाहुण्यांसमोर त्या विजेवरचा दिवा लागलाच नसेल."

"लागला की! सरांनी टेबलाखालून बॅटरी जोडली होती."

"आणि तू गप्प बसलीस?"

"छे! मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सगळ्यांदेखत मलाच म्हणाले, 'बघितलंस? स्वच्छ ठेवलं की कसा छान चालतो!'"